पत्री सरकारची गोष्ट १९४६ लाच का थांबते?

एरवी तुम्ही इथे थिन फिल्म, सोलर सेल, एक्स-रे डिफ्रॅक्शन असलं काहीबाही वाचायला येता. आजचा विषय तो नाही. माझी डिपॉझिशनची भट्टी तीन आठवडे बंद होती, पार्ट मुंबईहून यायचा होता, आणि त्या काळात मी दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली. एक पॅट्रिक रॅडन कीफ यांचं 'से नथिंग', उत्तर आयर्लंडवरचं, २०१८ सालचं. दुसरं पी. साईनाथ यांचं 'द लास्ट हीरोज', २०२२ सालचं, त्यात आपल्या कुंडलची माणसं आहेत. दोन्हींत शस्त्र हातात घेतलेली साधी माणसं म्हातारी होऊन बोलतात. तरीही पुस्तकं मिटवल्यावर जे हाताला लागतं ते अगदी वेगळं आहे. त्या फरकाबद्दल लिहितेय. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण विषय माझ्या आजोळच्या अंगणातला आहे.

आधी आयर्लंडचं थोडक्यात. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. तिथल्या कॅथलिक अल्पसंख्याकांना घरं, नोकऱ्या, मतदारसंघ या सगळ्यांत डावललं जायचं. १९६०च्या दशकाअखेर नागरी हक्कांची चळवळ झाली, ती चिरडली गेली, आणि मग तीस वर्षं रक्तपात चालला. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. अखंड आयर्लंड मागणाऱ्या रिपब्लिकनांची सशस्त्र संघटना म्हणजे आयआरए आणि राजकीय पक्ष म्हणजे शिन फेन. १९८१ साली तुरुंगात उपोषणाला बसलेला बॉबी सँड्स तिथूनच खासदार म्हणून निवडून आला आणि महिन्याभरात वारला. मतपेटीतही ताकद आहे हे शिन फेनला तेव्हा उमगलं. पुढे १९९४ ची शस्त्रसंधी, १९९६ साली ती मोडली, १९९७ साली परत झाली, आणि १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार. आयआरएने लढा संपल्याचं जाहीर केलं ते मात्र २००५ च्या जुलैत, म्हणजे करारानंतर सात वर्षांनी. हत्यारं निकामी करताना एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट धर्मगुरू साक्षीदार म्हणून उभे होते.

कीफ हा सगळा इतिहास एका घटनेच्या खुंटीला टांगतात. डिसेंबर १९७२, बेलफास्टमधल्या डिव्हिस फ्लॅट्स या चाळवजा इमारती. जीन मॅकॉन्व्हिल, वय ३८, नवरा वारलेला, दहा मुलं. रात्री माणसं आली आणि तिला घेऊन गेली. ती ब्रिटिशांची खबरी होती असं आयआरएचं म्हणणं. मुलांनी ते कधीच मानलं नाही, आणि २००६ साली तिथल्या पोलीस ऑम्बुड्समनलाही तसा पुरावा सापडला नाही. मुलं अनाथालयांत विखुरली. तिला आपणच मारलं हे आयआरएने कबूल केलं १९९९ साली, आणि सांगाडा सापडला २००३ साली, एका समुद्रकिनाऱ्यावर.

पुस्तकातला सगळ्यात टोचणारा प्रसंग खुनाचा नाहीच. मोठा झालेला मुलगा मायकल एकदा टॅक्सीत बसतो. ड्रायव्हर आरशातून बघतो. आईला घेऊन जाणाऱ्यांपैकी तो एक आहे हे मायकलने ओळखलेलं असतं. दोघंही बोलत नाहीत. उतरताना मायकल भाडं देतो.

दुसरी बाजूही कीफ तितक्याच जवळून दाखवतात. १९७३ च्या लंडन बॉम्बस्फोटात सामील असलेली डोलर्स प्राइस, बेलफास्टचा कमांडर ब्रेंडन ह्यूज. या दोघांना १९९८ चा करार म्हणजे दगा वाटला. अखंड आयर्लंडसाठी माणसं मारली, स्वतःची तरुणपणं तुरुंगात घातली, आणि शेवटी मिळालं काय, तर ब्रिटनच्याच अखत्यारीतल्या विधानसभेत खुर्च्या? मग आपण केलं त्याला काय म्हणायचं? हा प्रश्न ते बोस्टन कॉलेजच्या मौखिक इतिहास प्रकल्पाच्या टेपवर बोलून गेले. आमच्या मृत्यूनंतरच उघडा, या अटीवर. पण २०११ नंतर त्यातल्या काही टेप कोर्टकचेऱ्यांतून पोलिसांच्या हाती गेल्या, आणि २०१४ साली शिन फेनचे नेते जेरी ॲडम्स यांना चार दिवस चौकशीला बसवलं. आरोप ठेवला गेला नाही. आपण आयआरएत नव्हतोच, असं ॲडम्स कायम सांगत आले आहेत.

पुस्तक थोर आहे, पण माझी त्याच्याशी दोन भांडणं आहेत. एक, ते रहस्यकथेसारखं बांधलंय. शेवटाकडे 'गोळी कुणी घातली' हाच प्रश्न मोठा होत जातो आणि ब्रिटिश सैन्याने केलेल्या हत्या कडेला सरकतात. 'ब्लडी संडे'ला, म्हणजे ३० जानेवारी १९७२ ला, मोर्च्यावर गोळीबार होऊन तेरा जण जागीच गेले होते. दुसरं भांडण मोठं आहे. शांतता कशी झाली हेच पुस्तकात घाईघाईत उरकलंय. जॉन ह्यूमसारखा माणूस, ज्याने शिव्या खाऊन ॲडम्सशी बोलणी चालू ठेवली, तो येतो आणि जातो. बैठका, मसुदे, कैद्यांच्या सुटकेचं वेळापत्रक यांत थरार नाही हे कबूल. पण त्यामुळे वाचकाच्या मनात शांतता म्हणजे निव्वळ झाकपाक असं चित्र उरतं. ते अर्धंच खरं आहे.

इथे एक संशोधन सांगते, पुढे लागेल. बार्बरा वॉल्टर या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली एक पेपर लिहिला. १९४० ते १९९० मधल्या युद्धांची मोजदाद केली, तर देशादेशांमधली ५५ टक्के युद्धं वाटाघाटींच्या टेबलावर मिटली होती. एकाच देशातल्या यादवी युद्धांत हा आकडा फक्त २० टक्के. का? त्यांचं उत्तर असं, की यादवी युद्धानंतर दोन्ही बाजूंना एकाच घरात राहायचं असतं. हत्यार खाली ठेवलं त्या क्षणी तुम्ही समोरच्याच्या दयेवर. त्याने शब्द मोडला तर? म्हणून बाहेरचा जामीनदार लागतो. आयर्लंडमध्ये तो होता: लंडन आणि डब्लिन ही दोन सरकारं, बोलणी चालवायला अमेरिकेचे जॉर्ज मिचेल, हत्यारं तपासायला कॅनडाचे जनरल द शास्तलें.

आता कृष्णाकाठी येऊ. १९४२ च्या ऑगस्टनंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजचा बराचसा सांगली जिल्हा येतो, भूमिगतांनी समांतर राज्य उभं केलं. त्याचं नाव प्रति सरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही त्यातली मोठी नावं. न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, कमी खर्चातली गांधी-लग्नं होती. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा खजिना. १९४४ साली सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं, तर साताऱ्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलं नाही. आमचा कोल्हापूरचा लढा त्याच काळातला, पण संस्थानातला. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण गेले.

हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत, पोवाड्यात, पुतळ्याच्या उद्घाटनात ऐकलंय. आता मला सांगा, त्यानंतर काय झालं? १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, नेते उघड झाले. टाळ्या, हारतुरे, आणि इथे पडदा. बंदुकांचं काय झालं? शिक्षा झालेल्यांचं काय झालं? कालपर्यंत रानात झोपणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून काय करायला लागला? आपल्या गोष्टीत हे प्रकरणच नाही.

साईनाथांच्या पुस्तकाकडे मी याच आशेने वळले. पुस्तक वाचाच, याबद्दल शंका नाही. शेणोलीच्या रेल्वेवाले कॅप्टन भाऊ, सायकलवरून निरोप पोचवणारे गणपती यादव, नानांच्या मुलगी हौसाबाई. पोलीस चौकीसमोर नवऱ्याशी भांडण झाल्याचं नाटक करून हौसाबाईंनी पोलिसांना गुंतवलं आणि सोबत्यांनी आतल्या बंदुका लांबवल्या, हा प्रसंग वाचताना मी एकटीच हसत होते. हौसाबाई २०२१ साली गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ च्या फेब्रुवारीत. साईनाथ वेळेत पोचले नसते तर हे आवाज गेलेच होते. आणि त्यांचा मूळ मुद्दा, की स्वातंत्र्य पुढाऱ्यांनी नाही तर अशा माणसांनी आणलं आणि सरकारी कागदांत ती नीट आलीच नाहीत, तो बिनतोड आहे.

पण आदर हीच त्या पुस्तकाची मर्यादा झालीय. कॅप्टन भाऊंना 'लुटली' हा शब्द मान्य नव्हता. जनतेचा पैसा जनतेला परत दिला, असं त्यांचं म्हणणं. साईनाथ ते नोंदवतात आणि मान डोलावतात. रेल्वेच्या बाबतीत मीही डोलावते. पण तळपायावर काठ्या मारण्याच्या शिक्षेशी आल्यावर कुणीतरी विचारायला हवं होतं: खबरी कोण, हे ठरवायचं कुणी? पुरावा काय असायचा? चूक झाली तर? ज्याच्या पायाला काठी लागली, त्याच्या घरचं एकही माणूस या पुस्तकात बोलत नाही. कीफ डोलर्स प्राइसला जितकी पानं देतात तितकीच मॅकॉन्व्हिलच्या मुलांना देतात. म्हणून त्यांचे लढवय्ये लहान होत नाहीत, उलट माणसं होतात. आपण मात्र आपल्या लढवय्यांना थेट पुतळेच करतो.

याला एक अपवाद मला सापडला. गेल ऑमवेट यांचा सातारा प्रति सरकारवरचा निबंध, ज्ञानेंद्र पांडे यांनी संपादित केलेल्या 'द इंडियन नेशन इन १९४२' या १९८८ सालच्या पुस्तकातला. ऑमवेट वाळवा तालुक्यातल्या कासेगावात सून म्हणून आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या, त्यामुळे असेल, पण त्यांना ही चळवळ आभाळातून पडलेली वाटत नाही. सत्यशोधकी जलशांनी आधी वीस वर्षं जमीन नांगरली होती, गावगुंडांचा बंदोबस्त हे प्रति सरकारच्या सुरुवातीच्या कामांतलं एक मोठं काम होतं, आणि म्हणून गाव पाठीशी उभं राहिलं, हे त्या जातीवर्गाच्या अंगाने दाखवतात. निबंध कोरडा आहे. तरी तो वाचल्यावर पहिल्यांदा मला कळलं, की शिक्षा हा प्रति सरकारचा 'काळा डाग' नव्हता आणि 'गंमत'ही नव्हती; राज्य चालवायचं तर शिक्षा करावी लागते, एवढंच ते आहे. ब्रिटिशांचं राज्य नको असेल तर आपलं राज्य कसं असेल, याची ती पहिली परीक्षा होती. मग निकाल बघायला नको?

त्याच कासेगावातली एक गोष्ट. ऑमवेट यांचे सासरे बाबूजी पाटणकर प्रति सरकारातले कार्यकर्ते. ब्रिटिशांच्या हातून ते वाचले. त्यांचा खून झाला १९५२ साली, स्वतंत्र भारतात, देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली त्या वर्षी. १९४६ ला पडदा टाकणाऱ्या कथेत ही तारीख बसवायची कुठे?

वॉल्टर बाईंचं सूत्र इथे लावून बघा. ब्रिटिश आणि प्रति सरकार यांच्यात ते लागूच होत नाही, कारण ब्रिटिश घर सोडून निघून गेले. करार नको, जामीनदार नको, हत्यारांची मोजणी नको. आपली शांतता आपल्याला अशी बसल्या जागी मिळाली. पण गावात? गावात लढणारा, त्याला भाकरी पोचवणारी, फितुरीचा आरोप झालेला, आरोप करणारा, सगळे एकाच पाणवठ्यावर. त्यातलं कुणीही निघून गेलं नाही. सूत्राला जी अडचण म्हणायची आहे ती नेमकी इथे होती, आणि इथे टेबलच मांडलं गेलं नाही. आयर्लंडमध्ये निदान १९९९ साली बेपत्ता माणसांचे अवशेष शोधायला एक आयोग नेमला गेला. त्याला दिलेली माहिती खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. सत्य हवं की शिक्षा, यात त्यांनी सत्य निवडलं. पटो न पटो, त्यांनी काहीतरी ठरवलं तरी.

माझ्या कामातलं उदाहरण देऊ? काचेवर बसवलेला थर तापवून हळूहळू थंड करावा लागतो. घाई केली तर वरून फिल्म एकदम छान, चकचकीत दिसते. आत ताण अडकून बसलेला असतो. महिन्याभराने एका कोपऱ्यातून ती सुटायला लागते आणि आपण म्हणतो, अरे, याला आता काय झालं?

पण मी फक्त तक्रार करत बसले तर कीफवर घेतलेला आक्षेपच माझ्यावर येईल. शांततेचं काम इथेही झालं. फक्त त्याला कुणी ते नाव दिलं नाही. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट पक्षात, आणि १९५७ साली साताऱ्यातून, १९६७ साली बीडमधून लोकसभेवर गेले. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाले होते, खांद्यात गोळी घेऊन. चौतीस वर्षांनी ते मुख्यमंत्री झाले. गारगोटीच्या काळात भूमिगत असलेले रत्नाप्पाण्णा कुंभार घटना समितीत बसले आणि नंतर त्यांनी पंचगंगा साखर कारखाना काढला. वसंतदादांचा सांगलीला, नागनाथअण्णांचा वाळव्याला, बापूंचा कुंडलला. वाळव्याच्या कारखान्याला नाव कुणाचं? किसन अहिर यांचं, जे १९४६ साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत गेले. आयर्लंडमध्ये सुटलेल्या कैद्यांना समाजात उभं करायला खास निधी, योजना, संस्था लागल्या. आपल्याकडे ते काम उसाच्या मोळीने केलं असावं, असा माझा अंदाज आहे. शेअर, संचालक मंडळ, काट्यावरचं भांडण, निवडणूक, परत भांडण. रात्री काठी घेऊन जाण्यापेक्षा सर्वसाधारण सभेत माईक ओढून घेणं बरं. कारखान्यांवर अर्थशास्त्राचे, राजकारणाचे ढीगभर प्रबंध आहेत; 'लढ्यानंतरची संस्था' म्हणून त्यांच्याकडे बघणारा एखादा कुणी मराठीत लिहिला तर मी भट्टी बंद ठेवून वाचीन. त्यात एक प्रश्न मात्र सोडू नये: फितूर ठरलेल्या घरांना त्या कारखान्याचा शेअर मिळाला का?

हा प्रश्न मला का पडतो, ते सांगायचं राहिलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आज्जीला, माझ्या आईच्या आईला, आम्ही कोल्हापुरात आमच्याकडे आणलं होतं. आमचा भाग उंचावर, पण लाइट नाही, रस्ते बंद, करायला काही नाही. असंच बोलता बोलता तिच्या वडलांच्या लंगडण्याचा विषय निघाला. ते बैलगाडीतून पडले होते, असं घरात सगळ्यांना माहीत. आज्जी म्हणाली, "गाडीतनं कशाला पडतील? मारलंत त्यास्नी." ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची. रात्री तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली, वडलांना मळ्यात नेलं आणि पहाटे उंबऱ्यात आणून टाकलं. फौजदाराशी बोलताना कुणीतरी बघितलं होतं म्हणे. फौजदाराशी ते का बोलत होते, ते तिला माहीत नाही. माणसं खरंच प्रति सरकारची होती, की त्या नावाखाली कुणी बांधाचं भांडण काढलं, तेही माहीत नाही. त्या काळात दोन्ही घडत होतं. पुढे हेच पणजोबा दर पंधरा ऑगस्टला झेंड्याला जायचे. लंगडत.

साईनाथांचं पुस्तक मी वाचलं त्यात माझ्या पणजोबांना जागा नाही, आणि कीफसारखं कुणी लिहिलं तर त्यात कॅप्टन भाऊंना न्याय मिळणार नाही, ही भीती आहे. मला दोघंही एका पुस्तकात हवे आहेत. सध्या तरी नाहीत.

गेल्या आठवड्यात आज्जीला फोन केला. म्हटलं, मी लिहितेय यावर, तुला ती माणसं कोण होती त्याचा काहीच अंदाज नाही का? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "कशाला उकरतीस गं आता? मेली समदी." मी परत विचारलं.

"अगं, त्यांच्यातली पोरगी आपल्यात दिलीया," ती म्हणाली, आणि भट्टी सुरू झाली का म्हणून विचारलं.